निवडून गेलेल्या आणि पाठविलेल्या

एप्रिल २०२४ च्या आरंभी राज्यसभेतील पुण्याच्या एका सदस्येची मुदत संपली आणि दुसरीची सुरू झाली. श्रीमती वंदना चव्हाण यांनी २०१२ पासून सलग बारा वर्षे त्या सभागृहात काढली. त्या निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास डॉ. मेधा कुलकर्णी यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. एक राष्ट्रवादी काँग्रेसच्या, दुसऱ्या भारतीय जनता पक्षाच्या. दोघींचीही सार्वजनिक जीवनातील उमेदवारी पुणे महानगरपालिकेच्या सभागृहात झाली. एका शहराच्या राजकारणातून दोन भिन्न पक्षांच्या दोन स्त्रिया पाठोपाठ संसदेत जातात, ही वरवर पाहता समाधानाची गोष्ट होय. पुण्याच्या वृत्तपत्रांनीही तिची नोंद त्याच भावनेने घेतली. तथापि या दोन्ही कारकिर्दींचा मार्ग जरा बारकाईने पाहिला, तर समाधानाच्या जागी एक प्रश्न उभा राहतो; आणि तो त्या दोघींविषयी नसून त्यांना संसदेत पाठविणाऱ्या पद्धतीविषयी आहे.

कसबा पेठ हा पुणे लोकसभा मतदारसंघाच्या सहा विधानसभा विभागांपैकी एक. शहराचा सर्वांत जुना भाग. ज्या गणपतीची स्थापना जिजाबाईंच्या हातून झाली असे परंपरा सांगते, त्याच्या मागे विसर्जनाच्या मिरवणुकीत बाकीच्यांनी चालायचे, हा येथला शिरस्ता. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतील भिडे वाडाही याच विधानसभा मतदारसंघात येतो; तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी उतरविण्यात आला. स्त्रीला मान देण्याच्या बाबतीत हा परिसर कोणाला हार जाणार नाही. परंतु मान देणे आणि मत मागण्याचा अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचा हिशेब मांडू लागताच पुण्याची शोभा उणावते.

हा हिशेब फार मोठा नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, ‘पुणे’ हे नाव लावणारे दोन लोकसभा मतदारसंघ होते. ‘पुणे मध्य’ मधून काकासाहेब गाडगीळ निवडून आले आणि ‘पुणे दक्षिण’ मधून श्रीमती इंदिराबाई मायदेव. दोघेही काँग्रेसचे. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा ज्या लोकसभेने १९५५ व १९५६ मध्ये संमत केले, त्या लोकसभेत पुण्याच्या नावाने एक स्त्री बसलेली होती. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेस येथून उखडली गेली आणि नानासाहेब गोरे दिल्लीस गेले. त्यांच्यानंतर शंकरराव मोरे, एस. एम. जोशी, मोहन धारिया, विठ्ठलराव गाडगीळ, अण्णा जोशी, सुरेश कलमाडी, विठ्ठल तुपे, प्रदीप रावत, अनिल शिरोळे, गिरीश बापट आणि २०२४ मध्ये मुरलीधर मोहोळ. समाजवादी झाले, काँग्रेसचे झाले, जनता पक्षाचे झाले, भाजपचे झाले. साधने आणि मते सर्व प्रकारची होती. बारा नावांत स्त्रीचे नाव मात्र एकही नाही. इंदिराबाई मायदेव यांचे नाव आज पेठांतील जाणत्या माणसालाही चटकन आठवणार नाही, आणि याबद्दल त्या माणसाला दोष देता येत नाही. आठवण राहण्यासाठी परंपरा लागते, आणि एकाच नावाची परंपरा होत नसते.

अहिल्याबाई रांगणेकर या पुण्यात जन्मल्या आणि पुण्यात शिकल्या. पण लोकसभेत त्या १९७७ साली गेल्या त्या मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून. त्याच निवडणुकीत मुंबई उत्तरने मृणाल गोरे यांना निवडले आणि १९८० मध्ये प्रमिला दंडवते यांना मुंबईनेच दिल्लीस धाडले. गिरण्या, चाळी आणि पाण्याच्या मोर्चांतून वर आलेल्या या स्त्रियांना मुंबईच्या मतदाराने पारखून घेतले. पुण्यात शिक्षणसंस्था होत्या, हुजूरपागा होती, सेवासदन होते, अण्णासाहेब कर्व्यांचे महिला विद्यापीठ होते. स्त्रीला शिकविण्याचे काम पुण्याने केले. शिकलेल्या स्त्रीला लोकसभेत बसविण्याचे काम इतरांकडे गेले.

याचा अर्थ पुण्याच्या मतदाराला स्त्री-उमेदवार चालत नाही, असा कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. पुरावा नेमका उलट आहे, आणि तो कसब्यातीलच आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने येथे श्रीमती मुक्ता टिळक यांना उभे केले आणि त्या सहजपणे निवडून आल्या. त्याआधी त्या नगरसेविका होत्या, आणि २०१७ मध्ये महापौर झाल्या होत्या. ते पद त्या वेळी स्त्रियांसाठी राखीव होते. येथे इतिहासाची एक वक्रगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा मुलांप्रमाणे मुलींनाही ते लागू करावे की खर्चाच्या कारणास्तव मुलींचे पुढे ढकलावे, यावर शहर दुभंगले होते. ढकलण्याच्या बाजूला लोकमान्यांचा पक्ष होता; दुसऱ्या बाजूला रमाबाई रानडे होत्या आणि त्यांनी स्त्रियांची मिरवणूक काढून नगरपालिकेसमोर मागणी नेली होती. त्याच नगरपालिकेची पुढे महानगरपालिका झाली, आणि शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत टिळकांच्या घरची सून तिची महापौर झाली. रमाबाईंना याचे समाधानच वाटले असते.

महापौरपदाला राखीव जागेचा आधार होता, आमदारकीला नव्हता. कसब्याची जागा सर्वांना खुली होती, पक्षाने स्त्रीला उमेदवारी दिली आणि मतदाराने ती स्वीकारली. कोथरूडने हेच २०१४ मध्ये केले होते. मेधा कुलकर्णी तेथून साठ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. पर्वती मतदारसंघात माधुरी मिसाळ २००९ पासून लागोपाठ चार वेळा निवडून आल्या आहेत. तेव्हा अडचण मतदारयादीत नाही. ती उमेदवारांची यादी जेथे तयार होते त्या बंद दालनात आहे. कोथरूडचे पुढे काय झाले ते पाहावे. इतक्या मताधिक्याने निवडून आलेल्या आमदाराला २०१९ मध्ये उमेदवारी नाकारण्यात आली आणि ती जागा कोल्हापूरहून आलेल्या चंद्रकांत पाटील यांना देण्यात आली. पक्षाला आपल्या प्रदेशाध्यक्षासाठी निर्धास्त जागा हवी होती. निर्धास्त जागा करून ठेवण्याचे श्रेय ज्या स्त्रीचे, तिनेच ती रिकामी करून द्यावयाची, असा हा न्याय. डॉ. कुलकर्णी यांनी पक्ष सोडला नाही. पाच वर्षे वाट पाहिली आणि २०२४ मध्ये त्यांना राज्यसभा मिळाली. त्याच वर्षी पुण्याच्या लोकसभेची उमेदवारी श्री. मोहोळ यांच्याकडे गेली.

‘मिळाली’ हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे. राज्यसभेचे सदस्य विधानसभेच्या आमदारांनी निवडावयाचे असतात, म्हणजे कसब्याच्या मतदाराचा त्या निवडीशी अप्रत्यक्ष का होईना संबंध असावा, अशी घटनाकारांची योजना आहे. प्रत्यक्षात २०१२ मध्ये वंदना चव्हाण बिनविरोध निवडून आल्या. २०१८ मध्ये त्या पुन्हा बिनविरोध आल्या. या दोन्ही वेळी कसब्याचे आमदार भाजपचे गिरीश बापट होते आणि त्यांना मत देण्याची वेळच आली नाही. २०२४ मध्ये मेधा कुलकर्णीही बिनविरोध आल्या. त्या वेळी कसब्याचे आमदार काँग्रेसचे रवींद्र धंगेकर होते, त्यांनाही मतपत्रिका हाती घ्यावी लागली नाही. पक्षांनी आपापल्या संख्याबळाचा हिशेब करावयाचा, जागा जितक्या तितकेच अर्ज ठेवावयाचे, आणि अर्ज मागे घेण्याची मुदत टळली की निकाल लागला. पुण्याच्या दोन स्त्रियांनी मिळून राज्यसभेच्या तीन निवडणुका जिंकल्या आणि त्या तिन्हींत कोणीही कोणालाही एकसुद्धा मत दिले नाही.

आता ज्या निवडणुकीत मत द्यावे लागले तिच्याकडे वळू. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले. उमेदवार सात होते, म्हणून बऱ्याच वर्षांनी खरीखुरी लढत झाली. एकेक मत मोलाचे होते. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक त्या वेळी कर्करोगाने जर्जर झाल्या होत्या. त्या रुग्णवाहिकेतून पुण्याहून मुंबईस गेल्या आणि विधानभवनात जाऊन त्यांनी मत नोंदविले. दहा दिवसांनी विधान परिषदेच्या निवडणुकीसाठी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या पक्षनिष्ठेचे तेव्हा पुष्कळ कौतुक झाले, आणि ते यथार्थ होते. देहाचे एवढे क्लेश सोसून कर्तव्य करणारी माणसे कोणत्याही पक्षात विरळाच असतात. पण त्या कौतुकात एक गोष्ट नजरेआड झाली. त्या दिवशीच्या मतपत्रिकेवर पीयूष गोयल, अनिल बोंडे, धनंजय महाडिक, संजय राऊत, संजय पवार, प्रफुल्ल पटेल आणि इम्रान प्रतापगढी अशी सात नावे होती. चार पक्षांनी मिळून दिलेल्या या सात नावांत स्त्री एकही नव्हती. शिवाय २००३ च्या दुरुस्तीनंतर राज्यसभेचे मतदान खुले झाले आहे. आमदाराने आपली मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. म्हणजे कोणाला मत द्यावयाचे हे आधीच ठरलेले होते. राज्यसभेसाठी कसब्याने पाठविलेल्या स्त्रीला मत देण्याचा प्रसंग आला तो असा.

मुक्ताबाईंच्या निधनानंतर झालेली पोटनिवडणूक तर अधिक बोलकी आहे. कसबा आणि चिंचवड या दोन्ही जागांसाठी २६ फेब्रुवारी २०२३ रोजी एकाच दिवशी मतदान झाले. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांचे निधन झाले होते; तेथे भाजपने त्यांच्या पत्नीस, अश्विनी जगताप यांना, उभे केले आणि त्या विजयी झाल्या. कसब्यात हेमंत रासने यांना उमेदवारी देण्यात आली. काँग्रेसने रवींद्र धंगेकर यांना उभे केले व त्यांनी सुमारे अकरा हजार मतांनी ती जागा जिंकली. टिळक घराण्यात उमेदवारी का दिली नाही, याची चर्चा त्या दिवसांत पेठापेठांतून झाली. पण ती बहुतेक घराण्याच्या आणि जातीच्या अंगाने झाली. स्त्रीने स्वकष्टाने मिळविलेली जागा मोकळी झाली असता तेथे दुसरी कर्तबगार स्त्री शोधावी, हा विचार त्या चर्चेत अभावानेच ऐकू आला. पुरुष गेला तर त्याच्या पत्नीचा विचार होतो, आणि स्त्री गेली तर ती जागा पुन्हा सर्वसाधारण होते, ही आपल्या राजकारणाची अलिखित नियमावली आहे. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीतही कसब्यात मुख्य लढत त्याच दोन पुरुषांत झाली आणि या वेळी श्री. रासने निवडून आले. माजी महापौर कमल व्यवहारे यांनी काँग्रेसची उमेदवारी न मिळाल्याने अपक्ष म्हणून अर्ज भरला. बंडखोरी या शब्दाखाली ती गोष्ट नोंदली गेली आणि विसरली गेली.

राज्यसभा ही लोकसभेहून कमी दर्जाची आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. वंदना चव्हाण यांचीच कारकीर्द त्या सभागृहाचा उपयोग दाखविते. व्यवसायाने वकील असलेल्या श्रीमती चव्हाण १९९७-९८ मध्ये पुण्याच्या महापौर होत्या. शहराच्या हद्दीत त्याच काळात तेवीस गावे आली आणि त्या गावांबरोबर भोवतालच्या टेकड्यांचाही प्रश्न आला. या टेकड्यांवर बांधकाम होऊ द्यावे की त्या जैववैविध्य उद्यान म्हणून राखाव्यात, हा वाद पुण्यात दशकाहून अधिक काळ चालला. साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमिनीचा प्रश्न होता. जमीनमालक होते, बांधकाम व्यावसायिक होते, आणि सर्वच पक्षांत या दोघांचे ऐकणारे लोक होते. टेकड्या वाचाव्यात म्हणून नागरिकांची जी मोहीम उभी राहिली तिच्या अग्रभागी श्रीमती चव्हाण होत्या. २०१५ मध्ये राज्य शासनाने हे आरक्षण मान्य केले. पुढे राज्यसभेत पर्यावरण आणि हवामानबदल या विषयांवर त्यांनी सातत्याने लक्ष घातले, आणि सभापतींच्या अनुपस्थितीत आसनावर बसून सभागृह चालविण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मतांचा रोजचा हिशेब ज्याला करावा लागतो त्याला टेकडीची बाजू घेणे जड जाते, कारण टेकडीला मत नसते. त्या दृष्टीने राज्यसभेने त्यांना मोकळीक दिली असे म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २९ मार्च २०२३ रोजी गिरीश बापट यांचे निधन झाले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. सार्वत्रिक निवडणुकीस वर्षाहून अधिक अवधी असूनही पोटनिवडणूक घेण्यात आली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घेण्याचा आदेश डिसेंबरात दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्यास जानेवारी २०२४ मध्ये स्थगिती दिली, आणि जागा अखेरपर्यंत रिकामीच राहिली. लक्षावधी मतदारांच्या शहराला वर्षभर लोकसभेत वाणी नव्हती. त्या काळात पुण्याचे गाऱ्हाणे संसदेत मांडू शकणारे जे मोजके सदस्य होते, ते राज्यसभेतील होते. श्रीमती चव्हाण त्यांतील एक.

पण याच कारकिर्दीने त्या मार्गाची मर्यादाही दाखवून दिली. टेकड्यांच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका पुण्याच्या मतदाराला पटली की नाही, हे विचारण्याची संधी लोकसभेच्या कोणत्याही निवडणुकीने दिली नाही. ज्यांना ती पटली ते आपले मत देऊन त्यांच्यामागे उभे राहू शकले नाहीत; ज्यांचे नुकसान झाले असे वाटत होते तेही आपला राग मतपेटीत टाकू शकले नाहीत. काम पुण्यासाठी, आणि हिशेब पक्षाकडे. २०२३ मध्ये त्यांचा पक्ष फुटला, विधानसभेतील संख्या विखुरली, आणि त्यांच्या मुदतीचा शेवट झाला तेव्हा पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या कामावरून नव्हे तर आमदारांच्या गणितावरून सुटला. बारा वर्षांचा संसदीय अनुभव असलेली व्यक्ती सभागृहाबाहेर गेली आणि त्यावर शहराला काही म्हणता आले नाही. डॉ. कुलकर्णी यांच्याबाबतीतही आज ना उद्या हेच घडेल. त्यांची भूमिका ज्यांना आवडते आणि ज्यांना नावडते, त्या दोघांनाही ती सांगण्याचे साधन नाही.

थेट निवडून येण्याने काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी पुण्याबाहेर फार दूर जाण्याची गरज नाही. खडकवासल्यापर्यंत गेले तरी पुरे. तो विधानसभा विभाग बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. सुप्रिया सुळे यांची संसदीय कारकीर्दही राज्यसभेतूनच सुरू झाली, २००६ मध्ये. वडिलांचे नाव पाठीशी होते हे कोण नाकारील? परंतु २००९ पासून त्या बारामतीतून लोकसभेत निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये पक्ष दुभंगला, चिन्ह गेले, समोर घरातीलच सुनेत्रा पवार उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी उरला तो मतदार. त्या चौथ्यांदा विजयी झाल्या. निकाल ४ जूनला लागला. पराभूत झालेल्या सुनेत्रा पवार त्याच महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. एकाच निवडणुकीतील जिंकलेली आणि हरलेली अशा दोघीही पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने संसदेत पोहोचाव्यात, आणि दोघींनाही ‘खासदार’ हेच नामाभिधान मिळावे, ही आपल्या संसदीय पद्धतीची गंमत म्हणावयाची. मात्र पक्षावर संकट आले असता कोणती खासदारकी टिकते, हे ज्याला समजावयाचे त्याला समजले.

दुसरे उदाहरण अधिक लांबचे आहे आणि अधिक उद्बोधक. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्नानंतर इंदूरला गेल्या. तेथील महापालिकेत त्या उपमहापौर झाल्या. १९८५ मध्ये विधानसभेला उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. पुण्यात असत्या तर बहुधा येथेच कारकीर्द आटोपली असती, किंवा महिला आघाडीच्या एखाद्या पदावर त्यांची बोळवण झाली असती. भाजपने १९८९ मध्ये त्यांना लोकसभेची उमेदवारी दिली, तीही मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांच्याविरुद्ध. त्या जिंकल्या आणि त्या विजयासह सलग आठ वेळा इंदूरने त्यांना लोकसभेत पाठविले. २०१४ ते २०१९ या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. इंदूरचा मतदार बहुसंख्येने हिंदी भाषक, आणि उमेदवार मराठी घरातील स्त्री. तेथे हे जमले याचे कारण पक्षाने पराभवानंतर दुसरी संधी दिली, हे होय. पुरुष उमेदवाराला दोनदा, तीनदा पडण्याची मुभा असते. पडत पडत तो नेता होतो. स्त्रीला पहिल्याच फेरीत उत्तीर्ण व्हावे लागते, आणि कोथरूडने दाखविल्याप्रमाणे उत्तीर्ण होऊनही वर्ग बदलून मिळेलच याची शाश्वती नसते.

यावर कायद्याने उतारा काढला आहे, असे सांगितले जाते. लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याचे विधेयक प्रथम १९९६ च्या सप्टेंबरात आले. २०१० मध्ये ते राज्यसभेत संमत झाले आणि लोकसभेत पडून राहून कालबाह्य झाले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये एकशे सहावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी संमत केली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी, आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य मतांनी. राज्यसभेतील ही एकवाक्यता पाहून कोणाचेही मन भरून यावे. फक्त एवढेच की, ज्या सभागृहाने एकमुखाने आरक्षणाला संमती दिली त्या सभागृहाला ते आरक्षण लागू नाही. विधान परिषदांनाही नाही. संक्रमणीय मतपद्धतीत जागा राखून ठेवणे किचकट असते हे मान्य. परंतु किचकट गोष्टी करण्यासाठीच विधिमंडळे आणि विधिज्ञ असतात. आणि ही पद्धत कायम ठेवूनही पक्षांना आपल्या यादीत एक तृतीयांश स्त्रिया घेण्यास कोणी मनाई केलेली नाही. ते २०२२ मध्ये करता आले असते, तर सातांपैकी दोन नावे तरी वेगळी दिसली असती.

लोकसभेच्या बाबतीत २०२३ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीनेच एक अट घातली. आरक्षण अमलात यावयाचे ते त्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. आणि मुदत पंधरा वर्षांची. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला. म्हणजे विधेयक संमत झाल्याचा जल्लोष आधी, आणि त्याचा लाभ गणना, पुनर्रचना व सोडत यांच्या वाटेने, सावकाश. मधल्या काळाचे काय? २०२४ मध्ये हा कायदा पुस्तकात होता. त्याला पाठिंबा देणारे सर्व पक्ष निवडणुकीच्या मैदानात होते. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी सात जागी स्त्रिया निवडून आल्या. देशभरात ५४३ पैकी ७४ आल्या; २०१९ मध्ये त्या ७८ होत्या. २०२३ ला ज्या पक्षांनी हात उंचावून तेहतीस टक्क्यांचे तत्त्व मान्य केले, त्यांनी वर्षभरात मिळून स्त्रियांची संख्या चारने घटविली. पुण्यात तर २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चार निवडणुकांत काँग्रेस आणि भाजप या दोन्ही प्रमुख पक्षांनी एकदाही स्त्रीला लोकसभेची उमेदवारी दिली नाही.

महानगरपालिकेत राखीव जागांमुळे स्त्रिया आल्या, त्यातील काहींनी उत्तम काम केले, काही नावापुरत्या राहिल्या. पुरुष नगरसेवकांचेही प्रमाण याहून वेगळे नसावे. महत्त्वाचे हे की त्या शाळेतून वंदना चव्हाण, मुक्ता टिळक आणि मेधा कुलकर्णी घडल्या. ती शाळाही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बंद झाली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. चार वर्षांत निम्म्या जागांवरील स्त्रियांची एक तुकडी सभागृहाच्या कामकाजात तयार झाली असती. ती झाली नाही. पुढे जेव्हा लोकसभेची एखादी जागा राखीव होईल तेव्हा पक्षांचे नेते ‘योग्य स्त्री-उमेदवार मिळत नाही’ असे म्हणतील आणि घरातील सुना-मुलींकडे पाहतील. पूर्वी नगरपालिकांच्या पहिल्या राखीव निवडणुकांतही हेच घडले होते.

म्हणून पुण्यातील पक्षांनी सोडतीची वाट पाहू नये. २०२९ च्या लोकसभेसाठी नावांची चाचपणी वर्षभर आधीच सुरू होते, आणि त्या चाचपणीत ‘निवडून येण्याची क्षमता’ हा निकष पुढे करून स्त्रियांची नावे मागे ठेवली जातात. तो निकष पुण्यापुरता तरी तपासून घेण्याजोगा आहे. या लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे छावणी आणि कसबा पेठ असे सहा विधानसभा विभाग आहेत. २००९ ते २०२४ या काळात त्यांतील पर्वतीने चार वेळा, कोथरूडने एकदा आणि कसब्याने एकदा स्त्रीला निवडून दिले, आणि त्या सहाही वेळी जागा राखीव नव्हती. लोकसभेसाठी पुण्याच्या याच मतदाराला स्त्रीचे नाव देण्याचे धाडस या दोन पक्षांनी त्या काळात केले नाही.